एकच बस, आणि नारळांची बॅग

"माणसं किती आहेत ते मागाहून सांगा. आधी बोचकी किती ते बोला."

फोन उचलला की गिऱ्हाइकाला मी हे पहिलं वाक्य ऐकवायची, आणि पलीकडचा माणूस हमखास दुखावला जायचा. मुंबईचा असला तर म्हणायचा, "बोचकी नाहीत हो, ट्रॉली बॅग्ज आहेत." पुण्याचा असला तर माझा प्रश्नच कसा चुकीचा आहे ते समजावून सांगायचा. नागपूरचा असला तर हसायचा आणि खोटा आकडा सांगायचा. खरं कुणी सांगत नसे. अठरा जणांचा ग्रुप आहे म्हणून अठरा सीटची गाडी मागवायची, आणि विमानतळावर अठरा माणसं, बत्तीस बॅगा, दोन लोणच्याच्या बरण्या आणि एक कमोडची खुर्ची घेऊन उभं राहायचं, ही आपल्या लोकांची पद्धत. मग माझ्याकडे बघायचं, जणू गाडी मीच आखूड शिवून आणली आहे.

मी लग्न होऊन दिल्लीला आले. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर, मुलं शाळेत गेली की दिवस रिकामा. आमच्या ओळखीच्या भाटियाजींच्या बसगाड्या होत्या, महिपालपूरला ऑफिस. एकदा ते घरी आले आणि यजमानांना म्हणाले, "साहब, महाराष्ट्र के ग्रुप मेरे लड़कों का दिमाग़ खा जाते हैं। उनको उनकी भाषा में डाँटने वाला कोई चाहिए।" यजमानांनी माझ्याकडे बोट दाखवलं. संसारात त्यांनी माझी केलेली ही एकमेव जाहीर स्तुती. त्या दिवसापासून गुडघ्यांनी संप पुकारेपर्यंत मी तेच काम केलं. आता मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये बसून लोकांना फुकट डाफरते.

काम काय, तर ट्रान्सफर. विमानातून उतरलेला जथा उचलायचा आणि हॉटेलात नेऊन टाकायचा, किंवा हॉटेलातून उचलून विमानापाशी सोडायचा. ऐकायला हमाली. सहलीच्या धंद्यात याच्याइतकं हलकं काम नाही असं सगळे समजतात. ताजमहाल दाखवणाऱ्या गाइडबरोबर फोटो काढतात, हिमाचलातल्या ड्रायव्हरची आठवण नातवंडांना सांगतात, ट्रान्सफरवालीचं नाव कुणाला आठवत नाही. मात्र ती दहा मिनिटं उशिरा आली तर तिच्या सात पिढ्या आठवतात.

आता या हमालीतली मेख सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मोठी बस विमानतळाच्या दाराशी येत नाही. ती लांब पार्किंगमध्ये उभी राहते आणि माणसांनी बॅगा ढकलत तिथवर चालायचं असतं. शिवाय शहरातल्या काही रस्त्यांवर गर्दीच्या वेळी तिला मनाई. म्हणून चाळीस जण असतील तर शहाण्या माणसानं तीन टेम्पो ट्रॅव्हलर घ्याव्यात आणि सामानाला एक गाडी. ज्यांच्या बॅगा आल्या ते पहिल्या गाडीत बसले, निघाले. पुढचे आले, निघाले. कोणी कोणासाठी खोळंबत नाही. इतकं सोपं आहे! पण हे ऐकवलं की ग्रुप लीडर नावाचा प्राणी म्हणतो, "छे छे मॅडम, आम्हाला एकच बस हवी. आम्ही सगळे एकत्र." अहो, एकत्र विमानात बसलात, एकत्र आठ दिवस हिंडणार, एकत्र पोट बिघडवून घेणार. अर्धा तास वेगळे बसलात तर काय गाव तुटणार आहे?

नमुने तर काय वर्णावे! गुरगावच्या एका कंपनीतली एक मुलगी होती. सेल्सचे साठ लोक येणार, तर तिला म्हणे 'वॉव' हवं होतं. बाहेर पडताना अंगावर गुलाबाच्या पाकळ्या, हातात थंड सुगंधी टॉवेल, बसमध्ये बासरी. विमान सात तास लेट झालं. ते साठ लोक बाहेर आले ते दात-ओठ खात. पाकळ्या तुडवल्या, टॉवेलनं बूट पुसले आणि बासरी ड्रायव्हरला बंद करायला लावली. पोरगी रडायला लागली. मी म्हटलं, "बेटा, उतरलेल्या माणसाला दोनच गोष्टी लागतात, मोरी आणि चहा. तुझ्या यादीत दोन्ही नाहीत."

एकदा एका राज्याचं शिष्टमंडळ आलं. राज्याचं नाव विचारू नका, सगळी राज्यं सारखीच. बारा साहेबांसाठी एक झकास बस मागवली होती. आम्ही बाहेर येऊन बघतो तर प्रत्येक साहेबासाठी त्याच्या त्याच्या खात्याची मोटार उभी. मोठ्या साहेबांच्या मागे धाकटे साहेब, त्यांच्या मागे त्याहून धाकटे, असा मोटारींचा तांडा निघाला, आणि सगळ्यात शेवटी आमची बस, आत एकटा शिपाई आणि बारा साहेबांच्या बॅगा. तो शिपाई मात्र पाय पसरून राजासारखा गेला. त्या दिवशी बसचा उपयोग झाला तो तेवढाच.

पण हे सगळे हसून सोडून द्यायचे नमुने. ज्याचं नाव निघालं की अजून माझं डोकं सणकतं तो नमुना म्हणजे नानासाहेब.

नानासाहेब पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचे. कधीकाळी नगरपालिकेत निवडून आलेले, त्यानंतर तीनदा पडलेले. त्यांचं एक मित्रमंडळ होतं. मंडळानं दिल्ली-आग्रा-मथुरेची सहल काढली, चाळीस माणसांची. फोनवर मी नेहमीचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, "बॅगांचं सोडा हो. तुम्ही बस पाठवा. एकच. पुढं आमच्या मंडळाचा बॅनर लागला पाहिजे." मी तीन गाड्यांचं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्हाला संघटन म्हणजे काय ते समजायचं नाही." डोंबलाचं संघटन!

दुसऱ्या दिवशी त्याच ग्रुपमधल्या एका बाईचा फोन आला. माझा नंबर त्यांनी कुठून मिळवला कोण जाणे. आवाज दबका होता.

"मॅडम, मी शिंदूबाई बोलतीया. नानासायबांच्या संगं येनार हाय. माझं पोरगं तिकडं दिल्लीच्या कॅम्पात हाय, मिल्ट्रीत. विमान उतरतंय तिथनं कॅम्प किती लांब हाय वो?"

मी म्हटलं, "जवळच. शहरात जाताना वाटेवरच लागतो."

"मग झालं," त्या म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं. नवरा लवकर गेला. दुसऱ्यांच्या रानात राबून, म्हैस पाळून त्यांनी एकुलता एक मुलगा वाढवला. त्याचं नाव संतोष. तो दिल्लीच्या छावणीत होता आणि आता त्याची तुकडी सीमेवर निघाली होती. निघायचा दिवस नेमका यांच्या उतरायचा. त्यानं सांगून ठेवलं होतं, 'आई, दुपारी आमच्या गाड्या सुटतात, त्याच्या आत गेटवर ये. फोन आदल्या दिवशीच जमा करून घेतात, तेव्हा फोनची वाट बघू नको.' पुढं सुट्टी कधी मिळेल ते त्यालाही माहीत नव्हतं. सहल कसली, देव कसले, ताजमहाल कसला. बाई एवढ्यासाठी येत होत्या.

"नानासाहेबांना सांगितलंत?" मी विचारलं.

"दोनदा सांगितलं. बगू म्हनले."

ठरल्या दिवशी सकाळी मी विमानतळावर गेले. एरवी ट्रान्सफरला ऑफिसचा पोरगा पाटी लिहून उभा राहतो, मी क्वचितच जायची. त्या दिवशी गेले, ऑफिसची छोटी मोटार आणि रामफल ड्रायव्हर घेऊन. बस लांब पार्किंगमध्ये बॅनर लावून सज्ज.

विमान वेळेवर आलं. मंडळी बाहेर यायला हवी होती, येईनात. तासभर झाला. आतून नानासाहेबांचा फोन, "एक बॅग यायची आहे, ती आली की सगळे एकत्रच निघू." म्हटलं, "बाकीच्यांना तरी पाठवा." "नाही नाही, एकत्र." ही एक बॅग म्हणजे कुणाचं औषध, कुणाचे दागिने? अजिबात नाही. ती होती सत्काराची बॅग. नारळ आणि शाली! दिल्लीत दुपारी एका खासदारांच्या बंगल्यावर जेवण होतं, तिथं त्यांचा सत्कार, मग आणखी कुणाकुणाचा. दिल्लीत नारळ मिळत नाहीत अशी नानासाहेबांची समजूत असावी, म्हणून गावाकडून सोलून आणले होते. तपासणीत त्या गोल गोल नारळांनी कुणाला तरी शंका आली आणि बॅग अडकून पडली. चाळीस माणसं सामानाच्या पट्ट्याभोवती नारळांची वाट बघत उभी!

शेवटी आले. पुढं नानासाहेब, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, काखेत एक फुगलेली चामडी पिशवी. मागं त्यांची पत्नी, त्यांना सगळे वहिनीसाहेब म्हणत. त्यांच्या मागं वरात. सगळ्यात शेवटी एक किरकोळ बाई, नवं कोरं लुगडं, पायात स्लिपर, आणि पोटाशी धरलेला स्टीलचा डबा. मी ओळखलं.

मी नानासाहेबांना बाजूला घेतलं. "तुमची बस छावणीजवळूनच जाईल. या बाईंना गेटवर उतरवा, मी माझ्या मोटारीनं नंतर हॉटेलवर आणून सोडते."

"कार्यक्रमात नाही," ते म्हणाले. "एकाला उतरवलं की दुसरा उतरणार. आणि आता हजेरी व्हायची आहे. खासदारांची वेळ घेतलेली आहे, मॅडम. खासदारांची!"

"बाईचा एकुलता एक मुलगा चाललाय हो."

"बघू, संध्याकाळी बघू."

संध्याकाळी काय त्याची धूळ बघणार होते? मी शिंदूबाईंचा हात धरला आणि म्हटलं, "चला." त्या नानासाहेबांकडे बघायला लागल्या. आयुष्यभर कुणाची तरी परवानगी घेऊन वागलेली बाई. मी म्हटलं, "तिकडं काय बघताय? पोरगा तिकडं आहे का?" तेव्हा कुठं हलल्या.

रामफलनं मोटार अशी हाणली की मी डोळे मिटून घेतले. वाटेत बाईंनी डब्याचं झाकण जरासं उघडून बघितलं. शेंगापोळ्या होत्या. "लई न्हाई भाजल्या," त्या म्हणाल्या, "त्येला मऊ लागत्यात." मग विचारलं, "मॅडम, गेटवर उभं राहून खायला देत्यात का?" म्हटलं, "देतील हो. आई आहात तुम्ही." अजून भरपूर वेळ होता. मी मनात म्हणत होते, चला, आज काहीतरी धड झालं.

गेटवरचा जवान भला होता. म्हणाला, "माताजी का आईडी कार्ड दिखा दीजिए, एंट्री करके अंदर ख़बर भेज देता हूँ।"

मी बाईंकडे बघितलं.

"कार्ड नानासायबांकडं हाय," त्या म्हणाल्या. "समद्यांची त्यांच्याकडंच हायत. विमानात बसल्या बसल्या गोळा केली. हरवाय नगं म्हनून."

मी कपाळावर हात मारून घेतला. ही आपल्या ग्रुप लीडरांची दुसरी खोड. ज्या गावात ओळखपत्राशिवाय दार उघडत नाही, त्या गावात चाळीस धडधाकट माणसांची ओळखपत्रं काढून घ्यायची आणि एकट्यानं पिशवीत घालून मिरवायची. माणसं निमूट देतात. उलट म्हणतात, आमचे नानासाहेब किती काळजी घेतात! यांना कुणी मतं दिली नाहीत यात नवल नाही, पण कार्डं दिली याचं मात्र मला अजून नवल वाटतं.

जवानाला मी खूप विनवलं. तो म्हणाला, "मैडम, मैं समझता हूँ। लेकिन बिना कार्ड के अंदर फ़ोन नहीं लगा सकता, आज मूवमेंट है।" त्याची चूक नव्हती. मी नानासाहेबांना फोन लावला. बस तेव्हा नुकती पार्किंगमधून निघत होती, हजेरी दोनदा झाली होती म्हणे. मी सांगितलं, "बाईंचं कार्ड कुणाबरोबर तरी टॅक्सीनं पाठवा. ताबडतोब. मुलाची तुकडी सीमेवर निघते आहे."

पलीकडे नानासाहेबांचा आवाज एकदम बदलला.

"सीमेवर? आपल्या गावचा जवान? अहो मॅडम, मग हे आधी नाही का सांगायचं!"

आधी! त्या बाईनं दोनदा सांगितलं होतं, मी एकदा. पण तोवर तो शिंदूबाईंचा पोरगा होता. आता तो जवान झाला.

"टॅक्सी कशाला? आम्ही अख्खी बस घेऊन येतो! खासदारांना कळवतो उशीर होईल म्हणून. अरे, देशापेक्षा खासदार मोठा आहे का?"

"बस नको हो," मी ओरडले. "फक्त कार्ड पाठवा." फोन बंद झाला होता.

शिंदूबाई विचारत होत्या, "येतंय का कार्ड?" म्हटलं, "येतंय." आणखी काय येतंय ते सांगायची माझी हिंमत झाली नाही.

बस आली तेव्हा गेटच्या आत ट्रक रांगेत लागायला सुरुवात झाली होती. कार्ड दाखवलं, जवानानं आत फोन लावला, आणि पाचच मिनिटांत संतोष धावत आला. उंच, काटक, नुकतेच कापलेले केस, वर्दीला कडक घडी. उस्तादानं, म्हणजे त्याच्या हवालदारानं, त्याला ट्रक गेटशी येईपर्यंत सोडलं होतं. सरळ आईकडे येत होता. आईनं डबा उजव्या हातातून डाव्यात घेतला. पोराच्या तोंडावरून हात फिरवायला एक हात मोकळा हवा ना.

तेवढ्यात मध्ये नानासाहेब आले.

"भारत माता की..." आणि बसमधून उतरलेल्या चाळीसांनी "जय!" केलं. संतोष गांगरून जागच्या जागी थांबला. आणि मग सुरू झाला सत्कार. शाल आली, श्रीफळ आलं. अहो, ज्या बॅगेनं विमानतळावर जीव खाल्ला, तीच बॅग रस्त्यावर उघडून ठेवली! नानासाहेबांनी शाल पांघरली, फोटो निघाला नाही म्हणून काढली आणि पुन्हा पांघरली. मग भाषण. गावची माती, गावचं नाव, आमच्या मंडळाची परंपरा, मी नगरपालिकेत असताना काय काय केलं. पोरगा हात जोडून उभा. वर्दीतल्या माणसाला वडीलधाऱ्यांपुढून पाय काढता येत नाही, आणि हे आपल्या लोकांना चांगलं ठाऊक असतं.

"आता औक्षण!" कुणीतरी ओरडलं. ताम्हन निघालं, निरांजन निघालं. हेही सामानात होतं! मी म्हटलं, "शिंदूबाईंना ओवाळू द्या." आणि तिथं जी कुजबुज झाली ती मी विसरायची नाही. वहिनीसाहेबांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं जणू मी दिल्लीत राहून काहीच शिकले नाही. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "त्या... म्हणजे शुभकार्याला जातोय ना मुलगा. सवाष्णीनं ओवाळावं." आणि सवाष्ण म्हणून स्वतःच पुढं झाल्या. ज्या बाईनं कपाळ मोकळं झाल्यावर एकटीनं तो पोरगा वर्दीपर्यंत आणला, तिचा हात म्हणे अशुभ. आणि त्याचं नावही धड माहीत नसलेल्या बाईचा हात शुभ! माझं रक्त उकळलं. मी बोलले, "लाज वाटत नाही का?" पण गर्दीत 'वंदे मातरम्' चाललं होतं, त्यात कोण ऐकतो.

मग फोटो. मंडळासोबत एक. बॅनरसोबत एक. बायकांचा वेगळा, पुरुषांचा वेगळा. एकेकाचा जवानाच्या खांद्यावर हात. शिंदूबाई माणसांच्या फटीतून पुढं यायला बघत होत्या, तर फोटो काढणारा म्हणाला, "काकू, जरा बाजूला व्हा, डबा मध्ये येतोय." आणि त्या झाल्या बाजूला! मी त्यांना ढकललं, माणसांना ढकललं, रामफलनं "हटो रै, माँ नै आगे आण दो" म्हणून आवाज टाकला. संतोष मान उंच करून आईला शोधत होता. आम्ही तिथवर पोचलो तेवढ्यात गेट उघडलं आणि पहिल्या ट्रकचा हॉर्न वाजला.

उस्तादानं हाक मारली. संतोष आईपर्यंत आला, वाकला. आईनं डबा पुढं केला. तो घेणार कसा? एका हातात शाल, एका हातात नारळ, नानासाहेबांनी वरून गुच्छही खोचलेला. त्यानं नारळ कुठं ठेवावा म्हणून इकडं तिकडं बघितलं. श्रीफळ, वडीलधाऱ्यांनी दिलेलं, सगळे बघतायत, रस्त्यावर टाकायचं कसं? तेवढ्या घोटाळ्यात दुसरी हाक आली. "आई, येतो," म्हणाला आणि पळाला. ट्रकमध्ये चढताना शाल त्याच्या पायात आली.

मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

डबा बाईंच्या हातात राहिला. ट्रक वळणाआड जाईपर्यंत त्या बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "जेवलास का, एवढं इचारायचं हुतं. ऱ्हायलं."

नानासाहेब घाम पुसत आले. "काय झाला बघा कार्यक्रम! उत्स्फूर्त! शिंदूबाई, आता या बसमध्ये, तुमच्यामुळं आधीच उशीर झाला."

माझ्या धंद्याचा एक नियम होता. गिऱ्हाइकाला टोमणा मारावा, शिवी देऊ नये. तो मी त्या दिवशी छावणीच्या गेटसमोर, चाळीस साक्षीदारांदेखत मोडला. काय बोलले ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. त्यातलं छापण्याजोगं वाक्य एवढंच की, "तुम्ही सीमेवर गेला असतात तर शत्रूचाही सत्कार करून त्याला वेळेवर पळू दिलं नसतंत." त्यांना ते कौतुक वाटलं की काय कोण जाणे, हसले. मी शिंदूबाईंना बसमध्ये चढू दिलं नाही, मोटारीतूनच हॉटेलवर नेलं. वाटेत त्यांनी डबा उघडला, एक पोळी मला दिली, एक रामफलला. "खावा," म्हणाल्या, "टाकायच्या कशाला." रामफल गाडी चालवता चालवता खात होता आणि बाहीनं डोळे पुसत होता. मी माझी पोळी रुमालात बांधून घेतली.

नानासाहेबांनी भाटियाजींकडे माझी तक्रार केली. भाटियाजींनी मला बोलावलं, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "बहनजी, मैंने आपको डाँटने के लिए ही रखा था।" त्या सत्काराचा फोटो पुढं नानासाहेबांकडच्या एका पेपरात आला. त्याची प्रत नानासाहेबांनीच मला पाठवली, कशाला ते देव जाणे. मधोमध नानासाहेब, शेजारी वहिनीसाहेब, शालीतला पोरगा मान वळवून भलतीकडेच बघतोय. तो कुठं बघतोय ते मला माहीत आहे. फोटोत ती जागा नाही.

त्यानंतर महाराष्ट्राचा ग्रुप आला की मी बोचक्यांच्या आधी विचारायची, "तुमच्यापैकी कुणाला इथं कुणाला भेटायचं आहे का?" आणि दुसरं, "ज्याचं कार्ड त्याच्या खिशात राहील, कबूल असेल तरच बस." काहींनी फोन ठेवून दिला. ठेवेनात का.

वर्ष उलटून गेल्यावर एक दिवस शिंदूबाईंचा फोन आला. आवाज आता दबका नव्हता.

"मॅडम, पोरगं आलंय सुट्टीला. धडधाकट हाय."

माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, "जेवलास का विचारलंत ना?"

"इचारलं म्हंजे? त्योच डबा भरला, म्होरं बसले, आनि समद्या पोळ्या खाईस्तंवर उठू दिला न्हाई त्येला."

मी हसले. मग सहज विचारलं, "आणि ती शाल? तिचं काय केलंत?"

"त्येनं परत आनली की. नानासायेब रोज दारावरनं जात्यात, त्यांना दिसतीया. म्हशीच्या अंगावर घातलीया. गाभण हाय वो ती. तिला ऊब लागतीया."